पॅरट फिंचला हुरडा लागतो

आमच्याकडून पक्ष्यांसाठी राळे-वरईचं मिश्रण नेणाऱ्यांत हल्ली निळ्या तोंडाची पॅरट फिंच हा छोटा पक्षी पाळणारेही आहेत. बहुतेकांनी आधी झेब्रा फिंच पाळलेली असते आणि तेच खाणं, तोच पिंजरा हिलाही चालेल असं धरलेलं असतं. ते चालत नाही, म्हणून हे माहितीपत्रक.

झेब्रा फिंच ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळांवरची. वाळलेल्या बियांवर ती निभावून नेते, सोलापूरची हवाही तिला फारशी परकी नाही. पॅरट फिंच न्यू गिनी, सुलावेसी, सॉलोमन बेटं, ईशान्य ऑस्ट्रेलिया इथल्या दमट डोंगरी जंगलांच्या कडेची. जेमतेम 12 सेंटिमीटरचा जीव. अंग पोपटी, तोंड निळं, शेपटी लाल. 1833 साली शास्त्रात तिची पहिली नोंद झाली तीही प्रशांत महासागरातल्या कोसराय बेटावरच्या पक्ष्यावरून. अशा भरपूर पावसाच्या मुलखात गवत बराच काळ निसवत असतं आणि चिकातलं कोवळं बी खायला मिळतं. आपल्या भाषेत सांगायचं तर हिला हुरडा लागतो.

ज्वारीचा हुरडा मात्र देऊ नका, तो दाणा हिच्या चोचीला मोठा पडतो. राळ्याचं किंवा बाजरीचं हिरवं कणीस पिंजऱ्याच्या जाळीला उभं बांधा. पक्षी देठाला लटकून एकेक दाणा चोचीत फिरवतो, टरफल खाली टाकतो आणि आतला गर खातो. त्यात त्याचा व्यायामही होतो. पावसाळ्यात बांधावरच्या गवताचे तुरेही चालतात, फक्त फवारणी झालेल्या शेताजवळचे नकोत.

कणसं नसतील तेव्हा मोड काढा. राळे रात्रभर भिजत घाला, सकाळी दोन-तीन पाण्यांतून धुऊन ओल्या फडक्यात बांधा. पांढरं टोक दिसलं की लगेच द्या. आंबूस वास आला तर सगळं फेकून द्या, धुऊन वापरायला जाऊ नका. उन्हाळ्यात मोडाची वाटी दोन-तीन तासांत उचलायची.

कोरडं मिश्रण बंद करायचं नाही, पण दिवसाला जोडीमागे दोन लहान चमचे पुरतात. हा पक्षी मुळात सतत भिरभिरणारा. आखूड पिंजऱ्यात भरलेली वाटी कायम समोर राहिली की पोटावर पिवळट चरबी धरते आणि उडणं जड होतं. पिसं फुंकरून पाहिलं की ती दिसते. पिंजरा तीन फुटांपेक्षा लांब हवा. समुद्रफेस (कॅल्शियमसाठी चोचीने कुरतडायचं पांढरं कवच) मात्र कायम टांगलेला असू द्या.

शेतकरी ग्राहकांना हात जोडून एक विनंती आहे. पेरणीतून उरलेलं गुलाबी-लाल बियाणं पक्ष्यांना घालू नका. त्याला औषध चोळलेलं असतं, धुऊनही त्याची खात्री नाही.

आता उन्हाळा. इथे पारा 42-43 वर जातो आणि डोंगरातल्या पक्ष्याला तो सोसत नाही. चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले, नजर मंद, असं दिसलं की वाट पाहू नका. गार खोलीत हलवा, पसरट ताटलीत बोटाच्या एका पेराएवढं पाणी ठेवा. पिंजऱ्याच्या एका बाजूला ओलं गोणपाट लावा, कूलरचा झोत थेट अंगावर नको. पत्र्याच्या छताखाली राहत असाल आणि दुसरी गार जागा नसेल, तर हा पक्षी घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यात आमचं एक गिऱ्हाईक कमी झालं तरी चालेल.

पिलं झाली तर एकदा त्यांच्या उघड्या तोंडाकडे जरूर पाहा. अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात. पिलांच्या चोचीच्या कोपऱ्यांत निळे मण्यांसारखे फुगवटे असतात आणि मंद उजेडातही ते लकाकतात. बंद घरट्याच्या अंधारात घास कुठे भरवायचा ते आईबापाला त्यावरून कळतं, असं मानतात. या दिवसांत मोडाचं प्रमाण वाढवा आणि घरट्यात सारखं डोकावू नका.

बाजारात ‘हिरवी फिंच’ म्हणून स्वस्तात पक्षी दाखवला, तर ओल्या कापसाने पीस पुसून पाहा. रंग उतरला तर ती रंगवलेली मनोली, म्हणजे मुनिया आहे. नान्नजच्या माळावर दिसणाऱ्या मनोल्यांसकट आपल्याकडचे रानपक्षी पकडणं, विकणं आणि पाळणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. असा पक्षी विकताना दिसला तर विकत घेऊन ‘वाचवू’ नका, वनविभागाला कळवा.

आमच्याकडे पक्षी मिळत नाहीत, फक्त खाद्य मिळतं. हिरवी कणसं हंगामातच येतात. आदल्या दिवशी सांगितलंत तर बाजूला काढून ठेवू.