पात्यावर नाव घालताना

हातानं घडवलेला घडीचा चाकू करून घेणारा माणूस पातं आणि मूठ ठरली की हमखास विचारतो, नाव घालून मिळेल का? गोव्यात हे साहजिकच. लग्नात दिलेल्या कळशीवर, तांब्यावर नाव घालायची रीत घरोघरी आहे आणि भांड्यांच्या दुकानातलं ते करकरणारं विजेचं यंत्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण तेच यंत्र चाकूच्या पात्यावर टेकवलं तर पुसट ओरखडे उठतात, अक्षर बसत नाही.

कारण कठीणपणा. विकर्स मापावर तांबं-पितळ साधारण 50 ते 150 च्या घरात येतं, तर नीट पाणी दिलेलं, म्हणजे लालभडक तापवून झटकन थंड करून कठीण केलेलं, पातं 700 च्या आसपास. हायस्पीड स्टीलची कोरणी पात्यापेक्षा जेमतेम कठीण असते, त्यामुळे दोन अक्षरांत तिचं टोक बोथट होतं. टंगस्टन कार्बाइडची कोरणी याच्या दुप्पट कठीण, पण ठिसूळ. हात जरा तिरका झाला की टवका उडतो.

मग पोलाद मऊ असतानाच, म्हणजे पाणी द्यायच्या आधी, कोरून घ्यावं? लोहार गाडीच्या कमानपाट्याचं पातं 800 अंशांच्या वर लालभडक तापवून तेलात बुडवतो, तेव्हा आतली स्फटिकरचना बदलते आणि पोलाद किंचित फुगतं. पृष्ठभाग आणि गाभा एकाच क्षणी फुगत नाहीत, त्यामुळे ओढाताण होते आणि ती नेमकी टोकदार खाचेत एकवटते. किती, याचं गणित इंग्लिस या इंग्रज अभियंत्यानं 1913 मध्ये मांडलं. खाच 0.1 मिलिमीटर खोल आणि तिच्या तळाची गोलाई 0.01 मिलिमीटर असेल तर तिथला ताण आजूबाजूच्या साधारण सातपट होतो. तळ गोलसर ठेवला की हा आकडा झपाट्यानं उतरतो. म्हणून आधी कोरायचंच असेल तर टोकदार कोरणीनं नको.

इथे देवनागरीची एक गंमत आहे. पातं आडवं वाकतं तेव्हा ताण त्याच्या लांबीच्या दिशेनं पडतो. शिरोरेषा त्याच दिशेनं धावते, त्यामुळे तिचा त्रास जवळजवळ नाही. त्रास देतात ते काने आणि उभे दंड. नाव लांबलचक असलं तरी चालेल, उभ्या रेघा तेवढ्या उथळ हव्यात.

घरी करायला सोपी आणि मला सर्वांत आवडणारी रीत विजेची. पात्यावर नेलपॉलिश लावायचं, वाळलं की सुईनं अक्षरं खरवडायची. 9 व्होल्टच्या बॅटरीचं धन टोक पात्याला जोडायचं आणि ऋण टोक मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याला. बोळा अक्षरांवर दोन-चार सेकंद टेकवायचा, उचलायचा, पुसायचा, असं पुन्हा पुन्हा करायचं. बारीक चरचर ऐकू येते, बुडबुडे येतात, कापूस हिरवट-काळा पडतो. तो काळेपणा म्हणजे पात्यातलं लोखंड. फॅराडेच्या नियमानुसार 1 अँपिअर वीज तासभर वाहिली तर जेमतेम 1 ग्रॅम लोखंड विरघळतं. अक्षरांचं क्षेत्रफळ अर्धा चौरस सेंटिमीटर आणि खोली 0.05 मिलिमीटर धरली तर अर्ध्या अँपिअरला हिशेबानं सव्वादोन मिनिटं लागतात. प्रत्यक्षात काही वीज वाया जाते, म्हणून थोडी जास्त. यात पोलाद कितीही कठीण असो, फरक पडत नाही, कारण इथे कापणं नाहीच. शिवाय खाचेचा तळ सुईसारखा टोकदार राहत नाही.

मात्र खिडक्या उघड्या ठेवा, कारण मिठाच्या पाण्यातून थोडा क्लोरीन सुटू शकतो. पातं स्टेनलेस असेल तर क्रोमियमही विरघळतं आणि त्याची काही संयुगं विषारी असतात. हातमोजे घाला आणि ते पाणी विहिरीजवळ किंवा माडाच्या अळ्यात मुळीच ओतू नका. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यानं पातं धुऊन कोरडं करायचं.

ट्रॉफीच्या दुकानातला फायबर लेझर हेच काम मिनिटभरात करतो आणि अक्षरं काळीभोर, रेखीव येतात. पण स्टेनलेस पात्याला गंजापासून वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा. लेझरच्या उष्णतेनं तिथे जाड ऑक्साइड तयार होतो आणि त्याच्या लगत क्रोमियम कमी पडतं. समुद्रावरच्या हवेतलं मीठ अशी कच्ची जागा बरोबर शोधतं. मिरामार किंवा कळंगुटजवळ राहणाऱ्यानं लेझरचं नाव घातलं तर पावसाळ्यात अक्षरांच्या कडेला तांबूस ठिपके दिसू लागले तर नवल नको. खोबरेल तेलाचा हात अधूनमधून फिरवावा. त्यातली बहुतेक मेदाम्लं संपृक्त असल्यानं ते लवकर खवट होत नाही, आणि फळं कापायच्या चाकूला ते चालतंही.

माझं विचाराल तर नाव पात्यावर घालूच नये. पातं मुठीला मिळतं तिथे दोन्ही बाजूंनी बसवलेला पितळेचा तुकडा असतो. तो मऊ असतो, त्याला पाणी द्यावं लागत नाही, पातं वाकलं तरी त्याच्यावर फारसा ताण येत नाही आणि धार लावताना तो घासलाही जात नाही. भांड्यांच्या दुकानातलं यंत्र तिथे मजेत चालतं.