जखडलेला खांदा आणि रक्तातली साखर

आपल्या खांद्याला काहीतरी झाले आहे, हे माझ्या थोरल्या वहिनीला अंबाड्यात अबोलीची फाती माळताना कळले. उजवा हात मानेमागे जाईना. कोपर कानाच्या उंचीला यायच्या आतच खांद्यात जीवघेणी कळ येई आणि हात आपोआप खाली पडे. त्याआधीचे दोन महिने त्या कुशीवर वळले की तिची झोपमोड होत होती, पण नारळ खवण्याच्या श्रमाने हात भरला असेल, असे समजून ती तेल चोळून घेत राहिली. फोंड्याला तपासणी झाली तेव्हा एक्स-रे निर्दोष निघाला. रक्तातली साखर मात्र बरीच वाढलेली निघाली. जखडलेला खांदा, म्हणजेच ‘फ्रोजन शोल्डर’, आणि वाढलेली साखर यांचे नाते गोव्यातल्या घराघरांत माहीत असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

खांद्याला उखळीचा सांधा म्हणतात खरे, पण त्याची उखळ फार उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात रुतून न बसता बशीवर ठेवलेल्या लिंबासारखा टेकलेला असतो, आणि म्हणूनच हात चहूकडे फिरतो. या सांध्याभोवती संधिकोश नावाची सैल पिशवी असते. काखेच्या बाजूला तिला चुणी असते आणि हात वर उचलला की ती उलगडते. फ्रोजन शोल्डरमध्ये या पिशवीचा आधी दाह होतो, मग तिच्यात तंतुमय ऊती वाढून ती जाड होते, आक्रसते आणि काखेतली चुणी मिटून जाते. हाड शाबूत, कूर्चा शाबूत, पण वरचे आवरणच अपुरे पडलेले, अशी ही स्थिती असल्याने साध्या एक्स-रेमध्ये सहसा काही दिसत नाही. ‘फ्रोजन शोल्डर’ हे नाव बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये रूढ केले.

ओळखण्याची खूण सोपी आहे. दोन्ही कोपरे कमरेला चिकटवून काटकोनात वाकवावीत आणि दाराच्या दोन फळ्या उघडाव्यात तसे दोन्ही हात बाहेरच्या बाजूला फिरवावेत. जखडलेल्या बाजूचा हात लवकर अडतो, आणि दुसऱ्या कोणी धरून फिरवला तरी तिथेच अडतो. स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, म्हणजे कंडरा, फाटला असेल तर स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलल्यास तो बहुधा वर जातो. हा फरक डॉक्टर आवर्जून पाहतात. (डाव्या खांद्यात एकाएकी कळ येऊन सोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर खांद्याचा विचार बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे.)

हा विकार प्रामुख्याने चाळीस ते साठ या वयात, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. थायरॉइडचे विकार, पक्षाघात किंवा दुखापतीनंतर हात बरेच दिवस बांधून ठेवणे, ही त्याची काही निमित्ते आहेत. मात्र सर्वांत ठळक नाते मधुमेहाशी आहे. सर्वसाधारण लोकसंख्येत दोन ते पाच टक्के लोकांना होणारा हा त्रास मधुमेहींमध्ये दहा टक्क्यांहून अधिक जणांना होतो. दीर्घकाळ वाढलेली साखर कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांना चिकटून त्यांना एकमेकांशी बांधते आणि ऊती ताठर होतात, हे त्याचे एक कारण मानले जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, म्हणजे २६.४ टक्के, आढळले. तेव्हा आपल्याकडे कोणाचा खांदा विनाकारण आखडला, तर तेलाच्या बाटलीआधी साखरेची तपासणी आठवली पाहिजे.

सुरुवातीचे काही महिने वेदनेचे असतात, नंतर वेदना ओसरते पण हात घट्ट होतो, आणि मग तो हळूहळू सुटू लागतो. या प्रवासाला एक ते तीन वर्षे लागू शकतात. वेदनेच्या काळात हात जोर लावून ओढणे किंवा जबर मालीश करून घेणे यांनी दाह आणखी भडकतो. त्या काळात वेदनाशामके, शेक, वाकून हात लंबकासारखा झुलवणे आणि गरज पडल्यास सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन उपयोगी पडते. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस चढते, म्हणून ती तपासत राहावी लागते. वेदना उतरली की भिंतीवर बोटे चढवणे, पाठीमागे पंचा धरून वरच्या हाताने खालचा हात ओढणे, असे ताण देणारे व्यायाम वाढवता येतात.

इतक्यानेही भागले नाही, तर भूल देऊन सांधा मोकळा करणे किंवा दुर्बिणीतून संधिकोश कापून सैल करणे हे पर्याय आहेत. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे दोन उपाय आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी यांची तुलना केली गेली. वर्षभरानंतर तिन्ही गटांत चांगली सुधारणा होती आणि कोणताही एक उपाय स्पष्टपणे सरस ठरला नाही. शस्त्रक्रियेची घाई न करण्यास हा मोठा आधार आहे.

वहिनीला चौदा महिने लागले. आता ती फाती स्वतः माळते आणि देवळातल्या घंटेपर्यंत हात पोहोचतो, पण पाठीमागे तो अजून पुरता जात नाही. तोच खांदा पुन्हा जखडणे विरळ असले, तरी काहींना पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या खांद्याला हा त्रास होतो. म्हणून ती साखरेच्या नोंदी वहीत लिहून ठेवते आणि रोज सकाळी दोन्ही हात बाहेर फिरवून पाहते.