‘नीतिमान विश्वासाने जगेल’ या वचनामागे

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ‘नीतिमान’ म्हटलं की दारूला न शिवणारा, दर रविवारी न चुकता उपासनेला येणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. पवित्र शास्त्रातला शब्द याहून पुष्कळ मोठा आहे. ‘त्सेदाका’ या हिब्रू शब्दात न्यायाने वागणंही येतं. पुढे यहुदी लोक गरिबाला दिलेल्या दानालाही हाच शब्द वापरू लागले. इ. स. पूर्व आठव्या शतकात आमोस संदेष्ट्याने सुनावलं ते सण आणि गायन थाटात करणाऱ्यांनाच, कारण तेच लोक जोडाभर पायतणांसाठी गरिबाला विकत होते.

‘नीतिमान विश्वासाने जगेल’ हे वचन मूळचं जुन्या करारातल्या हबक्कूक संदेष्ट्याचं. प्रेषित पौलाने ते नव्या करारातल्या रोमकरांस पत्रात घेतलं आणि सोळाव्या शतकात जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर त्यावरच अडला. ‘देवाचं नीतिमत्त्व’ म्हणजे पाप्याला शिक्षा करणारा न्याय, असंच तो समजत होता. व्रतस्थ मठवासी असूनही त्याला शांती नव्हती. ते नीतिमत्त्व देव विश्वासणाऱ्याला देणगी म्हणून देतो, हे उमगलं तेव्हा स्वर्गाची दारं उघडल्यासारखं वाटलं, असं त्याने 1545 मध्ये लिहिलं. मात्र कृतीवाचून विश्वास मृत आहे, असं सांगणारं नव्या करारातलं याकोबाचं पत्र त्याला फारसं रुचलं नाही. माझ्या मते इथे त्याचा तोल गेला.

विश्वास आणि कृती यांचा हा तोल मला पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसतो. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच काळात त्यांनी लंडनमधल्या फुलहॅमला एक आश्रम पाहिला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तिथल्या भगिनी मायेने सांभाळत होत्या. ‘पतित’ म्हणून हाकललेल्या बाईवर दया करायची असते, हे त्यांनी आपल्याकडे कधी पाहिलं नव्हतं. विहिरीवर येशू जिच्याशी आपुलकीने बोलला, त्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना त्याच काळात उलगडली.

पण सेवा पाहून भारावणं वेगळं आणि तारणारा ओळखणं वेगळं. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, बालविधवांना शिकवलं. तरीही ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त मात्र सापडला नाही, हे बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी आपल्या ध्यानात आलं, असं त्यांनी पुढे मोकळेपणाने कबूल केलं. एवढी विद्वान, एवढी कष्टाळू बाई हे स्वतःविषयी लिहिते, तिथे मी दर वेळी थबकतो.

त्यानंतर काम थांबलं नाही, वाढलं. दुष्काळात स्वतःचे आईवडील गमावलेल्या रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली व विधवांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभं राहिलं. तिथेच पुढे कृपा सदन निघालं, ते फुलहॅमला पाहिलेल्या स्त्रियांसारख्याच स्त्रियांसाठी.