राजर्षी
राजा असून ऋषीसारखा इंद्रियांवर ताबा ठेवणारा. संस्कृत वाङ्मयातील राज्यकर्त्याचा एक आदर्श. वाल्मीकिरामायणात विश्वामित्राला ब्राह्मणत्वासाठी केलेल्या पहिल्या तपाचे फळ म्हणून एवढीच पदवी मिळते आणि ती त्याला कमी वाटते. भगवद्‌गीतेत (४·२) योगाची परंपरा जाणणारे म्हणून राजर्षींचा उल्लेख आहे.

या कल्पनेला राजनीतीचा घाट दिला तो कौटिलीय अर्थशास्त्राने (अधिकरण १, अध्याय ६ व ७). राजाने काम, क्रोध, लोभ, मान, मद आणि हर्ष हे सहा शत्रू सोडावेत, असे सांगून प्रत्येकापायी नाश पावलेल्या दोन-दोन राजांची वा कुळांची नावे तेथे दिली आहेत. सीता परत न करणारा रावण आणि राज्याचा वाटा न देणारा दुर्योधन हे दोघे मानाखाली येतात. दुर्योधन लोभाखाली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मदाचे उदाहरण असलेल्या डंभोद्भवाची कथा उद्योगपर्वात आहे. लढायला तोलामोलाचा कोणी उरला नाही म्हणून तो नर-नारायण या ऋषींच्या आश्रमावर सैन्य घेऊन जातो आणि नर मूठभर गवताच्या काड्यांनी त्याची फौज हतबल करतो. परशुराम ही कथा ऐकवतो ती दुर्योधनालाच.

कामाच्या उदाहरणातील ‘दांडक्य भोज’ कोण, हा प्रश्न सुटलेला नाही. ब्राह्मणकन्येच्या अभिलाषेने तो बांधव व राष्ट्रासह नष्ट झाला, हे वाक्य वात्स्यायनाच्या कामसूत्रातही जवळजवळ तसेच आढळते. रामायणाच्या उत्तरकांडात मात्र दंड हा इक्ष्वाकूचा पुत्र असून त्याच्या अपराधाने उजाड झालेला प्रदेश म्हणजे दंडकारण्य. भोज हे नाव विदर्भाच्या राजांना रघुवंशात लावलेले असल्याने दोन कथांची येथे सरमिसळ झाली असावी. निदान त्या एकच मानण्याची घाई करू नये. बारा उदाहरणांपैकी निम्म्यांत अपराध ब्राह्मणांविरुद्ध किंवा ऋषींविरुद्ध झालेला आहे. या यादीचा मूळ कर्ता कोणत्या परंपरेतला, याचा अंदाज त्यावरून येतो.

अर्थशास्त्राचा काळही वादग्रस्त आहे. आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये तो प्रसिद्ध केला. मुंबई विद्यापीठासाठी चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या र. पं. कंगले यांचा कौल मौर्यकाळाकडे आहे; टॉमस ट्राउटमन (१९७१) यांनी शैलीच्या संख्याशास्त्रीय तपासणीवरून एकाहून अधिक कर्ते सुचवले, तर पॅट्रिक ऑलिव्हेल (२०१३) यांनी ग्रंथाची घडण इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे झाल्याचे मांडले. हे नंतरचे मत अधिक सयुक्तिक वाटते.

राजर्षी म्हणजे विरक्त पुरुष नव्हे. धर्म व अर्थ यांना बाध न आणता त्याने काम सेवावा, ‘न निःसुखः स्यात्’ (सुखावाचून राहू नये), असे कौटिल्य स्पष्ट म्हणतो. महत्त्वाकांक्षाही त्याला वर्ज्य नाही. ज्याच्याभोवती सारे परराष्ट्रधोरण रचले आहे तो राजा ‘विजिगीषू’, जिंकू पाहणाराच आहे. फरक पुढे (१·१९) येतो: स्वतःला प्रिय ते राजाचे हित नव्हे, प्रजेला प्रिय तेच त्याचे हित.

काव्यात या कसोटीची दोन टोके कालिदासाच्या रघुवंशात एकत्र सापडतात. पहिल्या सर्गातला दिलीप प्रजेकडून कर घेतो तो सूर्याने पाणी शोषावे तसा, हजारपटीने परत देण्यासाठी. एकोणिसाव्या सर्गातला अग्निवर्ण अंतःपुराबाहेर येतच नाही. मंत्र्यांच्या आग्रहाखातर तो दर्शन देतो तेही खिडकीतून नुसता पाय बाहेर सोडून, आणि सेवक त्या पायालाच नमस्कार करतात. तो क्षयाने मरतो. रोगशांतीच्या विधीचे निमित्त करून मंत्री त्याला राजवाड्याच्या उद्यानातच गुपचूप अग्नी देतात व गर्भवती राणीला गादीवर बसवतात. काव्य येथेच थांबते. ते अपुरे राहिले की कवीने तेथेच संपवले, याबद्दल मतभेद आहेत.

महाराष्ट्रात ‘राजर्षी’ म्हटले की कोल्हापूरचे शाहू छत्रपती डोळ्यांपुढे येतात. ही पदवी त्यांना १९१९ मध्ये कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय परिषदेत देण्यात आली.