घाण्याला जुंपलेला ठोका

"छातीत धडधडतंय, म्हणजे हृदय कमजोर झालंय. डॉक्टर, काहीतरी ताकदीचं द्या." हा गैरसमज फार रुजलेला आहे. ठोके बिघडतात तेव्हा पुष्कळदा हृदयाचा स्नायू ठणठणीत असतो, बिघाड असतो विजेच्या वाटेत. त्यावरची बहुतेक औषधं ताकद देत नाहीत. ती विजेचा वेग कमी करतात, नाहीतर पेशींना जास्त विसावा घ्यायला लावतात.

हा विसावा मला हृदयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. ठिणगी पडण्याआधी पेशीच्या आत सुमारे उणे ९० मिलिव्होल्ट असतात. सोडियम आत घुसतं आणि ठिणगी पडते, मग कॅल्शियम येतं, शेवटी पोटॅशियम बाहेर जाऊन पेशी पूर्ववत होते. तोवर तिला नवी ठिणगी लागत नाही, हाच तिचा विसावा. पेशीकडून पेशीकडे जाणारी विजेची लाट मागे वळत नाही, ती यामुळेच.

पण काही जणांच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या विजेच्या जोडापाशी, म्हणजे एव्ही नोडपाशी, दोन वाटा असतात. एक जलद, पण तिचा विसावा लांब. दुसरी संथ, पण लवकर सावरणारी. एखादा ठोका वेळेआधी आला की जलद वाट अजून विसाव्यात असते. लाट संथ वाटेनं उतरते. ती खाली पोचेपर्यंत जलद वाट सावरलेली असते, मग लाट तिच्यातून वर चढते आणि पुन्हा संथ वाटेला लागते. घाण्याच्या बैलासारखी ती गोल फिरत राहते, आणि प्रत्येक फेरीला एक ठोका पडतो. मिनिटाला १५० ते २५० ठोके!

यावर अ‍ॅडेनोसिन देतात. हे इंजेक्शन ६ मिलिग्रॅम, हाताच्या मोठ्या शिरेत, झटक्यात, आणि लगेच मागून सलाइन. इतकी घाई का? रक्तात ते दहा सेकंदही धड टिकत नाही. एव्ही नोडमधली पोटॅशियमची दारं ते उघडतं, तिथल्या पेशी क्षणभर पेटेनाशा होतात आणि फेरी तुटते. मॉनिटरवरची रेघ काही सेकंद सपाट होते. पेशंटच्या छातीवर दडपण येतं, चेहरा लाल होतो, आता संपलं असं वाटतं. मग नेहमीचा ठोका उमटतो. चहा-कॉफीतलं कॅफीन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवतं, औषध नीट लागू पडत नाही, म्हणून नुकताच चहा झाला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगावं.

छातीवर रुद्राक्ष धरल्यानं ठोके सुरळीत होतात, असं सांगणारे भेटतात. ही धडधड कधीकधी आपोआपही थांबते आणि श्रेय माळेला जातं. त्यात ईसीजी काढायचा राहून जातो, हे खरं नुकसान.

रोजच्या गोळ्यांचं तत्त्व तेच. बीटा ब्लॉकर आणि व्हेरापामिल एव्ही नोडला संथ करतात, अमिओडॅरोन पोटॅशियमची वाट अडवून विसावा लांबवतं. फ्लेकेनाइड सोडियम अडवतं, लाट मंदावते. आणि इथेच धोका आहे. हार्ट अ‍ॅटॅकनंतर जादा ठोके पडणाऱ्यांना हे औषध दिलं गेलं, ठोके खरोखर कमी झाले. पण १९८९ साली अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं की औषध घेणारे जास्त दगावत होते. स्नायूवर राहिलेल्या व्रणाभोवती लाट मंद झाली की पुढच्या पेशींना सावरायला वेळ मिळतो, आणि नवी फेरी सुरू होऊ शकते. म्हणूनच फ्लेकेनाइड लिहिण्याआधी डॉक्टर इको (हृदयाची सोनोग्राफी) काढायला सांगतात: स्नायूवर कुठे जुना व्रण तर नाही ना, हे पाहायला.