स्वॉर्मर आणि स्लगर: पुढे दोघंही येतात, पण थांबतात कुठे?

22 जानेवारी 1973, जमैकातलं किंग्स्टन. बॉक्सिंगच्या रिंगणात एका कोपऱ्यात हेवीवेट जगज्जेता जो फ्रेझर, दुसऱ्या कोपऱ्यात जॉर्ज फोरमन. तोवर दोघांपैकी एकही हरला नव्हता, आणि मागे सरकणं दोघांच्याही स्वभावात नव्हतं. दोन फेऱ्यांत फ्रेझर सहा वेळा खाली गेला आणि पंचांनी लढत थांबवली. दोघंही ‘अंगावर धावून जाणारे, जोरात मारणारे’ म्हणून एकाच माळेचे मणी मानायचे असतील, तर या निकालाचा अर्थच लागत नाही.

फ्रेझर स्वॉर्मर होता, फोरमन स्लगर. समालोचनात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात आणि मला ते खटकतं. ठोशाचा जोर बघून ही दोन माणसं वेगळी ओळखता येत नाहीत. बघायचं ते त्यांना हवं असलेलं अंतर.

स्वॉर्मरला अंतर नकोच असतं. बहुतेक वेळा तो बुटका, आखूड हातांचा. लांबून खेळला तर समोरच्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, खात राहील, म्हणून डोकं डावी-उजवीकडे हलवत, गुडघ्यांत वाकत तो माऱ्याखालून आत शिरतो. एकदा त्याचं कपाळ समोरच्याच्या छातीशी आलं की लांब हात निकामी होतात, कारण ते सरळ करायला जागाच उरत नाही. स्वॉर्मरला मात्र तेवढी जागा पुरते. त्याचं कोपर वाकलेलं असतं, मूठ वीतभरच फिरते, आणि जोर येतो तो पाय रोवून कंबर वळवण्यातून. हात फक्त तो जोर पोचवतो.

यातले निम्मे ठोसे पोटावर आणि बरगड्यांवर पडतात. प्रेक्षक त्यांना टाळ्या देत नाहीत, पण माझ्या मते या शैलीचा जीव तिथेच आहे. यकृत उजव्या बाजूला, खालच्या बरगड्यांआड असतं, म्हणून डावा हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, तिथे नेमका बसतो. ठोसा बसल्यावर क्षणभर काहीच होत नाही, मग पायांतली ताकद जाते. यकृत चुकलं तरी चालतं. अशा माराने श्वास तुटतो, पाय जड होतात, कोपरं बरगड्या झाकायला खाली येतात आणि हनुवटी उघडी पडते. 8 मार्च 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुहम्मद अलीच्या पोटा-बरगड्यांवर फ्रेझर रात्रभर घाव घालत राहिला, आणि 15व्या फेरीत त्याच्या डाव्या हूकने अली पाठीवर पडला. लहानपणीच्या दुखापतीमुळे फ्रेझरचा डावा हात पुरता सरळ होत नसे. हूकसाठी कोपर वाकलेलंच लागतं, त्यामुळे ते व्यंग त्याच्या शैलीला आड आलं नाही.

स्लगरचं उलटं. त्याला ठोशाला वेग यायला जागा लागते. पाय घट्ट रोवून तो मोजकेच पण मोठे ठोसे फेकतो. दहा चुकले तरी अकरावा लढत संपवू शकतो. किंग्स्टनची चित्रफीत पुन्हा पाहाल तेव्हा फोरमनचे मोकळे हात बघा. फ्रेझर आत आला की फोरमन त्याला दोन्ही हातांनी मागे ढकलायचा, म्हणजे आपल्याला हवं ते अंतर परत मिळवायचा. शिवाय फ्रेझर वाकून येत होता आणि खालून वर मारायचा ठोसा, म्हणजे अपरकट, तयारच होता. वाकून आत शिरण्याची जी सवय अलीविरुद्ध कामी आली होती, तीच इथे अंगाशी आली.

दमछाकही दोघांची वेगळी. स्वॉर्मर छातीच्या भात्यावर जगतो, फेरीमागून फेरी तेच करत राहतो. स्लगरचा प्रत्येक मोठा ठोसा, चुकला तर जास्तच, त्यालाच दमवतो. 1974 मध्ये किन्शासात अलीने दोरांना रेलून फोरमनला मारू दिलं आणि आठव्या फेरीत दमलेल्या फोरमनला पाडलं.

घोळ होतो तो माइक टायसनसारख्यांमुळे. इतके नॉकआउट, म्हणून लोक त्याला स्लगर म्हणतात. पण दोन्ही मुठी गालांशी धरून, डोकं सतत हलवत आत शिरायचं आणि तिथे आखूड ठोशांची सलग मालिका द्यायची, ही स्वॉर्मरचीच रीत. तो स्वॉर्मर होता, फक्त एका ठोशात संपवण्याची ताकदही त्याच्याकडे होती.

रॉकी मार्सियानोचंही तसंच. त्याचे ठोसे ओबडधोबड दिसायचे, चुकायचेही पुष्कळ. पण हेवीवेटमध्ये त्याचे हात कमालीचे आखूड, त्यामुळे लांबून लढणं त्याला परवडणारं नव्हतं. सप्टेंबर 1952 मध्ये फिलाडेल्फियात जो वॉलकॉटविरुद्ध तो तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर मागे होता. 13व्या फेरीत त्याने वॉलकॉटला दोरांशी गाठलं आणि अगदी जवळून एक आखूड उजवा ठोसा दिला. वॉलकॉट एक हात दोरात अडकलेल्या अवस्थेत हळूहळू खाली घसरला.