भिंतीत खालून चढणारी ओल: कारण आणि उपाय

पुण्याच्या पेठांमधील जुन्या वाड्यांत आणि बैठ्या घरांत तळमजल्याच्या भिंतीचा रंग जमिनीपासून हात-दोन हात फुगलेला, गिलाव्याचे पोपडे सुटलेले आणि त्यावर पांढरा लोणा (क्षारांचा थर) आलेला आढळतो. ही ओल भर उन्हाळ्यातही पूर्ण जात नाही, कारण ती जमिनीतून वर चढत असते.

पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग सतत ताणलेला राहतो, हाच पृष्ठताण. विटेच्या आणि चुन्याच्या कणांकडे पाणी जोराने ओढले जात असल्याने ते बारीक छिद्रांच्या कडेने वर सरकते आणि पृष्ठताणामुळे मधले पाणीही त्यासोबत ओढले जाते. समईच्या वातीत तेल चढते, ते याच केशाकर्षणाने. नळी जितकी बारीक तितके पाणी उंच चढते, हा नियम जेम्स ज्युरिन यांच्या नावाने ओळखला जातो. ०.१ मिमी त्रिज्येच्या स्वच्छ काचेच्या नळीत पाणी सुमारे १५ सेंमी चढते, तर ०.०१ मिमी त्रिज्येच्या नळीत जवळजवळ दीड मीटर. भिंतीत मात्र वाटेतच बाष्पीभवन होत असल्याने ओल बहुधा मीटरभर उंचीवर थांबते.

म्हणूनच ओलीवर सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बाष्प बाहेर पडण्याची वाट बंद झाली की पाणी आणखी वर चढते.

आम्ही जोत्यालगतच्या दरजेत (विटांमधील सांध्यात) साधारण १० ते १२ सेंमी अंतरावर छिद्रे पाडून त्यांत सिलेन-सिलोक्सेन भरतो. हे द्रव्य विटेतील बारीक छिद्रे बुजवत नाही, तर त्यांच्या आतील पृष्ठभाग जलरोधी करते. त्यामुळे पाणी वर ओढले जाण्याऐवजी खाली रेटले जाते आणि बाष्पाची वाट मोकळी राहते.

आधी मुरलेले पाणी सुकण्यास मात्र वेळ लागतो: भिंतीच्या २५ मिमी जाडीला ढोबळमानाने एक महिना. नऊ इंची भिंतीला नऊ-दहा महिने धरावेत. गिलाव्यावर साचलेले हे क्षार हवेतील ओलावा शोषून घेतात, म्हणून जुना गिलावा काढून टाकावा आणि नवा चुन्याचा करावा.

ओलीचा डाग न्हाणीघरालगत, एकाच जागी आणि जमिनीपासून उंचावर असेल, तर बहुधा नळ गळत असतो. तेथे हा उपचार उपयोगी पडत नाही. आधी प्लंबरकडून तपासणी करून घ्यावी.